दाढीनंतर गळ्यावर रुतणारे केस : स्क्रब किती, कोणता आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय २७, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात नोकरी, त्यामुळे रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. गेलं वर्षभर जबड्याखाली आणि गळ्यावर बारीक, टणक पुटकुळ्या येतात. काही पिकतात, बसल्या की मागे काळा डाग ठेवून जातात. केस आत वाढत असल्याचं कुणीतरी सांगितल्यावर तुम्ही अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब आणला आणि रोज सकाळी दाढीच्या आधी घासायला लागलात. पहिला आठवडा त्वचा छान मऊ लागली. मग आग व्हायला लागली. आता पुटकुळ्याही आहेत आणि लालीही. तुम्ही विचारलंय की स्क्रब बदलू, की कमी पडतोय म्हणून दिवसातून दोनदा करू, आणि तो दाढीच्या आधी करू की नंतर?

दोनदा तर नकोच, आहे तोही आजपासून बंद करा. मृत त्वचा काढण्याचा या त्रासात उपयोग होतो आणि मी माझ्या पेशंटना तो सांगतेही. पण ती कशाने काढायची, कोणत्या वेळी आणि कितपत, यावर सगळं अवलंबून आहे. शिवाय दाढी करण्याची पद्धत तीच ठेवली तर जगातलं कोणतंही एक्स्फोलिएशन (म्हणजे मृत त्वचा काढणं) तुम्हाला वाचवणार नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. अशा माना मी ओपीडीत सतत बघते आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मूळ त्रासाइतकाच त्रास त्यांच्या घासण्याने झालेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गळ्यावर नेमकं काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप पटेल. दाढीचा केस गालावर बऱ्यापैकी सरळ असतो, पण जबड्याखाली आणि गळ्यावर तो त्वचेतून खूप तिरपा बाहेर येतो आणि अनेकांचा तिथे वळणदारही असतो. असा केस कापला की त्याला अणकुचीदार टोक येतं. मग दोन प्रकारे घोळ होतो. एक म्हणजे केस नीट बाहेर येतो, पण वाढता वाढता वळतो आणि एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा त्वचेत घुसतो. दुसऱ्या प्रकारात तो इतका खोलवर कापला गेलेला असतो की त्याचं टोक त्वचेच्या पातळीखाली राहतं. वाढताना ते छिद्राच्या तोंडातून बाहेर येण्याऐवजी छिद्राच्या भिंतीतच घुसतं. दोन्ही वेळी शरीराच्या लेखी ते बोटात मोडलेलं कुसळच. त्याला बाहेर टाकण्यासाठी भोवती सूज येते, पुटकुळी येते, कधी पू धरतो. वैद्यकीय भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. सुरुवात जंतूंमुळे होत नाही. जंतू आले तर नंतर, बहुतेक वेळा नखामुळे, येतात. म्हणूनच ‘ॲन्टिसेप्टिक’ साबणांनी हा त्रास जात नाही.

दुसऱ्या प्रकारात आपल्या रेझरचा हात मोठा असतो. दोन पात्यांचे रेझर १९७१ मध्ये बाजारात आले, पुढे पात्यांची संख्या वाढत पाचापर्यंत आणि त्याहूनही पुढे गेली. या रचनेत पहिलं पातं केसाला पकडून किंचित वर ओढतं आणि मागचं पातं तो ओढलेल्या अवस्थेत कापतं. सुटलेला केस मग आत सरकतो. हाताला दाढी एकदम गुळगुळीत लागते ती याचमुळे, आणि गळ्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी येते तीही याचमुळे. त्यात तुम्ही बहुधा गळ्याची कातडी दुसऱ्या हाताने ताणत असाल आणि खालून वर उलटा हात मारत असाल. ताणल्याने केस आणखी बाहेर येतो आणि सोडल्यावर आणखी आत जातो.

आता यात मृत त्वचेचा वाटा किती? त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचाच असतो. खालून नवीन पेशी येत राहतात आणि साधारण चार आठवड्यांत वरच्या झडून जातात. ज्या छिद्रातून केस बाहेर यायचा, त्याच्या तोंडाशी या पेशी आणि तेल साचून बूच बसलं तर आधीच खोलवर कापलेल्या केसाला वाट मिळत नाही. तसंच बाहेर येऊन वळलेला केस त्वचेत नुकताच टेकत असेल, पुरता रुतला नसेल, तर हलक्या हाताने फिरवलेल्या ओल्या कापडानेही तो सुटतो. एक्स्फोलिएशनचं काम एवढंच : तोंडं मोकळी ठेवायची आणि नुकती अडकलेली टोकं सोडवायची. केसाचं वळण त्याने बदलत नाही, केस किती खोल कापला गेलाय तेही नाही. रुतून आठवडा झालेला केस घासून बाहेर येत नाही. घासून येते ती सूज.

तुमच्या बाबतीत नेमकं काय बिघडलं तेही इथेच दिसतं. दाढी करताना ब्लेड नुसते केस कापत नाही, त्वचेचा वरचा थरही खरवडून नेतं. म्हणजे रोज दाढी करणाऱ्याचं एक्स्फोलिएशन रोज होतच असतं. त्याच्या पाच मिनिटं आधी तुम्ही अक्रोडाच्या कवचाची धारदार कडांची पूड घासत होतात. एकाच सकाळी दोनदा सोललेल्या त्वचेवर मग आफ्टरशेव्ह, कडक कॉलर, गाडी चालवताना हेल्मेटचा पट्टा आणि घाम. पहिल्या आठवड्यातला मऊपणा खरा होता, पण तो वरचा थर उतरल्याचा मऊपणा होता. सतत डिवचलेली त्वचा स्वतःला वाचवण्यासाठी वरचा थर आणखी जाड करते. त्या जाड थराखाली केस पुन्हा अडकतो आणि मग माणसाला वाटतं, अजून जोरात घासायला हवं.

आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेबद्दल एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. गोऱ्या त्वचेला सूज आली की ती लाल होते आणि बरीचशी तशीच ओसरते. आपल्या त्वचेत सूज आली की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि पुटकुळी गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. माझ्याकडे येणारे अनेक जण पुटकुळ्यांसाठी येतच नाहीत, ‘मान काळी पडलीय’ म्हणून येतात. त्यांना ती काळी मान मळ वाटते, म्हणून ते वजरीने, घासणीने घासतात. वजरी टाचांसाठी असते. गळ्याची त्वचा तिच्यापुढे कागदाइतकी पातळ आहे. डाग घासून निघत नाही, कारण तो वर नसतोच, खालच्या थरात असतो. घासाल तितका गडद होतो. म्हणून आपल्याकडे कुठल्याही उपायाला मी पहिला प्रश्न हाच विचारते की याने आग होणार का? आग होणार असेल तर तो उपाय कितीही नामांकित असो, तुमच्या गळ्यासाठी नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, जमत असेल तर तीन ते चार आठवडे ब्लेड पूर्ण थांबवा. हे तुमच्या नोकरीत अवघड आहे, त्यावर शेवटी लिहिते. थांबवण्याचा फायदा असा की केस लांब झाला की त्याच्या स्वतःच्या ताणाने रुतलेलं टोक आपोआप सुटून बाहेर येतं. पहिले आठ-दहा दिवस उलट वाईट दिसतं, कारण वळलेले केस रुतण्याच्या लांबीत येतात. बरेच जण तिथेच घाबरून पुन्हा ब्लेड हातात घेतात. तो टप्पा ओलांडला की फरक स्वतःच्या बोटांना कळतो. पूर्ण थांबणं शक्यच नसेल तर ट्रिमर वापरा आणि केस साधारण एक मिलिमीटर ठेवा. एवढी खुंटं समोरच्याला लांबून क्वचितच दिसतात, पण टोक त्वचेच्या वर राहतं आणि अर्धी लढाई तिथेच संपते. ट्रिमर कातडीवर दाबून ‘झिरो’ काढू नका, नाहीतर ब्लेडच वापरल्यासारखं होईल.

स्क्रब बंद केल्यावर निदान दहा दिवस त्वचेला काहीही लावू नका. सौम्य फेसवॉश, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर, बस. ही विश्रांती अनेकांना वेळ वाया घालवल्यासारखी वाटते, पण सोललेल्या त्वचेवर कोणतंही ॲसिड लावलं तर ते भाजतं.

आग पूर्ण थांबल्यावर, आणि ती थांबल्यावरच, एक्स्फोलिएशन सुरू करायचं. यासाठी मी दाणेदार काहीही देत नाही. हाताने घासण्याचा प्रकार हवाच असेल तर मऊ सुती कापड पुरेसं आहे. जुन्या धोतराचा किंवा मलमलचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा घ्या. दाढीआधी कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन मिनिटं गळ्यावर नुसता ठेवा. केस फुगतो, मऊ होतो, छिद्रांची तोंडं ढिली होतात. मग फेसवॉश लावून त्याच कापडाने गोल गोल फिरवा, डोळ्यांच्या पापण्यांवरून फिरवाल इतक्याच जोराने. अर्धा मिनिट खूप झालं. कापड रोज धुवा आणि उन्हात वाळवा. बाथरूममध्ये ओलं लटकलेलं कापड म्हणजे जंतूंना आमंत्रण, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा टॉवेल तर अजिबात नको.

खरं काम रात्रीच्या ॲसिडचं. नावाला घाबरू नका, ही सौम्य ॲसिडं मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे सैल करतात, त्यामुळे घर्षणाशिवाय त्या गळून पडतात. यात मुख्य दोन. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या तोंडाशी साचलेल्या तेलकट बुचात ते शिरू शकतं. तेलकट त्वचा असेल, मुरुमही येत असतील, तर मी यानेच सुरुवात करते, १ ते २ टक्के. दुसरं ग्लायकोलिक ॲसिड. ते वरच्या थरावर काम करतं. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ग्लायकोलिकचं लोशन लावणाऱ्या पुरुषांच्या अशा पुटकुळ्या ६० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या होत्या आणि त्यांना दाढीही चालू ठेवता आली होती. ते ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान घ्या, आणि आपल्या त्वचेला खालच्या टोकाने सुरुवात करा. त्वचा कोरडी आणि नाजूक असेल तर लॅक्टिक ॲसिड जास्त सोसतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र सॅलिसिलिकला हात लावू नये.

इथे दुकानात एक फसगत होते. सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि सॅलिसिलिकचं लावून ठेवायचं सिरम किंवा जेल या वेगळ्या गोष्टी आहेत. फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन जातो, त्याला काम करायला फारसा वेळच मिळत नाही. रुतणाऱ्या केसांसाठी लावून ठेवायचं रूप हवं. ‘पील’ म्हणून ऑनलाइन मिळणारी २०-३० टक्क्यांची लाल-जांभळी बाटली घरी वापरू नका. तेवढ्या तीव्रतेचं काम दवाखान्यात, वेळ मोजून, डॉक्टरांसमोर होतं. घरी भाजून घेतलेल्या माना मी पाहिल्या आहेत. तो डाग जायला वर्षही लागतं.

लावायचं कसं? आधी कानामागे किंवा जबड्याच्या कोपऱ्यावर थोडंसं लावून दोन रात्री बघा. मग आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर, संपूर्ण गळ्याला मिळून वाटाण्याएवढं. वर मॉइश्चरायझर. दोन-तीन आठवडे त्वचा शांत राहिली तर एक दिवसाआड. किंचित चुरचुर होऊन मिनिटभरात थांबली तर ठीक. दहा मिनिटं आग राहिली किंवा सकाळी त्वचा ताणलेली, चकचकीत दिसली तर थांबा. दाढी आणि ॲसिड यांत निदान आठ-दहा तासांचं अंतर ठेवा, म्हणजे दाढी सकाळी असेल तर ॲसिड रात्री झोपताना. दाढी झाल्याझाल्या ॲसिड नको. तुम्ही आधी की नंतर असं विचारलं होतं, त्याचं उत्तर हे आहे : ओलं कापड दाढीच्या लगेच आधी, ॲसिड दाढीपासून लांब.

आणि सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, गळ्यापर्यंत. ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते. सनस्क्रीन न लावता ग्लायकोलिक वापरलं तर डाग कमी व्हायच्या ऐवजी गडद होतील. पुरुष चेहऱ्याला लावतात आणि हनुवटीशी थांबतात, असं मी नेहमी बघते. दाढीनंतर झोंबत असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून झिंक ऑक्साइडवालं लावा.

घरगुती उपायांबद्दल पुष्कळ जण विचारतात म्हणून थोडक्यात. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट गळ्याला लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात. डाळीचं पीठ अगदी वस्त्रगाळ असेल आणि दुधात किंवा पाण्यात कालवून चोळण्याऐवजी नुसतं लावून धुतलंत तर माझी हरकत नाही. दिवाळीतलं उटणं अंगाला जरूर लावा, पण पुटकुळ्यांवर रगडू नका. त्यातला कचोरा-नागरमोथा चांगलाच भरड असतो. तुरटी सलूनमध्ये फिरवतात ती रक्त थांबवण्यापुरती ठीक, पण एकच खडा दहा गिऱ्हाइकांच्या गळ्यावरून फिरत असेल तर नको म्हणा, संकोच करू नका.

दाढीच्या पद्धतीवर मी पेशंटशी सगळ्यात जास्त वेळ बोलते, कारण फळ तिथेच मिळतं. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि आरशासमोर बोटांनी गळा चाचपा. ज्या दिशेने बोट सहज सरकतं ती केसांची दिशा. गळ्यावर ती सरळ खाली क्वचितच असते. घाटीच्या बाजूला केस आडवे कानाकडे जातात, काहींना जबड्याखाली चक्क भोवरा असतो. मोबाइलने फोटो काढून त्यावर बाण काढा, एकदाच करावं लागतं. दाढी नेहमी त्या बाणांच्या दिशेने. कातडी ताणायची नाही, दाबायचं नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही. एका पात्याचा रेझर पुष्कळांना मानवतो. पाच पात्यांवरून त्यावर आलात की पहिले काही दिवस दाढी अपुरी झाल्यासारखी वाटेल, हात फिरवल्यावर खुंटं लागतील. ती लागायलाच हवीत. ब्लेड बोथट होऊ देऊ नका. ओढायला लागलं की बदला. फेस चांगला होऊ द्या, आणि शेवटी थंड पाणी, मग अल्कोहोल नसलेलं काहीतरी साधं.

सलूनमध्ये करत असाल तर बसतानाच सांगा, ‘दादा, गळ्यावर एकच हात, सुलटा.’ डबल हात मारल्याशिवाय काम नीट झालं असं त्यांना वाटत नाही, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण स्पष्ट सांगितलं तर ऐकतात. ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडलेलं हवं.

रुतलेला केस दिसतोय आणि हात शिवशिवतोय, तेव्हा काय? परवाच एका मुलाच्या गळ्यावर भिंगाखाली बघत होते. पुटकुळीच्या शेजारी त्वचेखालून काळ्या दोऱ्यासारखी कमान दिसत होती, दोन्ही टोकं आत. निर्जंतुक सुई कमानीखाली सरकवून किंचित उचलली, आणि एक टोक टपकन बाहेर आलं. रक्ताचा थेंबही नाही. केस मी उपटला नाही, तिथेच मोकळा सोडला. हा फरक महत्त्वाचा आहे. चिमट्याने उपटलेला केस नव्याने वाढताना त्वचेखालीच टोक घेऊन येतो आणि त्याच छिद्रात पुन्हा रुततो. घरी कमान वर अगदी स्पष्ट दिसत असेल तर कोमट कापडाचा शेक देऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने ती फक्त मोकळी करा. दिसत नसेल तर खणू नका. नखाने फोडल्यावर केसतोड होऊन सुजलेली मान घेऊन लोक येतात, आणि मग ॲन्टिबायोटिक द्यावंच लागतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हे रुतलेले केसच वाटतात, पण मी तुमचा गळा पाहिलेला नाही, आणि दाढीच्या जागी येणारं प्रत्येक पुरळ हे नसतं. चपटे, त्वचेच्या रंगाचे, एका ओळीत पसरत जाणारे बारीक दाणे असतील तर ते चामखिळीचे विषाणू असू शकतात, आणि तिथे स्क्रब किंवा ब्लेड फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने ते गळाभर पेरणं. कडा उठलेली, गोल, खाजणारी चकती असेल तर तो नायटा असू शकतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळा पू, दुखणं, सोबत ताप असेल तर जंतुसंसर्ग. या तिन्हींत एक्स्फोलिएशन नुकसान करतं. मानेच्या मागे, केस बारीक कापतात त्या रेषेवर टणक गाठी येत असतील तर तो वेगळा आजार आहे. तिथे लवकर दाखवलं नाही तर गाठी कायमच्या राहतात.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर यातलं एकही ॲसिड नको. त्या काळात त्वचा फार नाजूक असते. ॲडापलीनसारखी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातली) क्रीम या त्रासात चांगली लागू पडतात, कित्येकांना मी तीच देते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि ज्या रात्री ती लावाल त्या रात्री ॲसिड लावायचं नाही. स्त्रियांनाही हा त्रास होतो, हनुवटीवर, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर. वर सांगितलेलं त्यांनाही लागू आहे, फक्त हनुवटीवर जाड केस नव्याने येत असतील आणि पाळी अनियमित असेल तर आधी हॉर्मोनची तपासणी करून घ्या.

मेडिकल स्टोअरमधून ‘डागावर काहीतरी द्या’ म्हणून ट्यूब आणू नका, हे मी हात जोडून सांगते. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात सूज जाते, रंग उजळतो, माणूस खूश होतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, नायटा असेल तर पसरतो आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो. त्वचेवर लावायची कितीतरी स्टेरॉइडं २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर परत करा.

हे सगळं नीट करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही आणि रोजची दाढी टळणारच नसेल, तर लेझरचा विचार करा. केसच कमी आणि बारीक झाले की रुतायला काही राहत नाही. गळ्यापुरतं करता येतं, वर दाढीचा आकार तसाच ठेवून. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात, कारण तो त्वचेच्या वरच्या रंगाला कमी भाजतो. अनेक बैठका लागतात, खर्च होतो, आणि करणारा हात शिकलेला हवा. पार्लरमधल्या ‘ऑफर’मध्ये करू नका.

पुटकुळ्या कमी व्हायला चार ते सहा आठवडे धरा, डागांना त्याहून बरेच महिने. दर रविवारी त्याच खिडकीच्या उजेडात एक फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही आणि माणूस हताश होऊन पुन्हा स्क्रब हातात घेतो.

राहिला नोकरीचा प्रश्न. हा त्रास वळणदार केसांच्या कृष्णवर्णीयांत सर्वाधिक दिसतो, आणि अमेरिकी सैन्यात अशा सैनिकांना डॉक्टरांच्या शिफारशीवर दाढीतून सवलत देण्याची पद्धत अनेक वर्षं होती, २०२५ मध्ये तिचे नियम बरेच कडक झाले. सैन्यातही जे मागितलं जात आलं ते हॉटेलात मागायला लाजू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून निदान लिहून घ्या आणि पत्रात दोनच गोष्टी नेमक्या मागा : चार आठवडे ब्लेड बंद, आणि त्यानंतर एक मिलिमीटरपर्यंत ट्रिम केलेल्या दाढीला परवानगी. ‘दाढीला सूट द्यावी’ असं मोघम पत्र मॅनेजर बाजूला ठेवतो. मिलिमीटर आणि तारखा लिहिलेल्या असतील तर एचआरला हो म्हणणं सोपं जातं. पत्र हातात येईपर्यंत गाल ब्लेडने करा आणि गळा ट्रिमरने. उद्या सकाळपासून एवढं नक्की करता येईल.